सापाचं हृदय, सुईची भोकं आणि पाण्याची पातळी

आज १९६५ सालचा एक शोधनिबंध वाचूया. लेखक मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांचे सहकारी उदवाडिया, किणरे व परुळकर. हृदयस्नायूची रचना नुसती पाठ केली आणि तिचं काम विसरलं, तर काय होतं, हे त्यातून छान कळतं.

हृदयाच्या डाव्या कप्प्यात रक्त भरलेलं असतं, पण त्याच्या भिंतीला ते थेट मिळत नाही. अगदी आतला पातळ थर सोडला, तर स्नायूला रक्त येतं बाहेरून, महाधमनीच्या मुळाशी फुटणाऱ्या करोनरी रोहिण्यांतून. रोहिणी तुंबली की धरण उशाला आणि कोरड घशाला!

सापाचं मात्र वेगळं. त्याच्या हृदयाची भिंत बरीचशी स्पंजासारखी, त्यामुळे कप्प्यातलं रक्त थेट स्नायूत झिरपतं. सेन यांनी विचारलं: सुईने भिंतीला आतपर्यंत भोकं पाडली तर? त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. प्रश्न धाडसी होता आणि मला तो आजही आवडतो.

अडचण कुठे आहे? आपल्याकडे पिंपळीत उसाला पाटाचं पाणी देणारा कुणीही सांगेल: चारी कितीही खोल खणा, पाटातली पातळी शेतापेक्षा खाली असेल तर पाणी चढणार नाही. आता हृदयाकडे बघा. त्याच्या फांद्या फुटलेल्या पेशी टोकाला चकत्यांनी जोडलेल्या असतात, म्हणून सगळी भिंत एकदम आवळते. कप्प्यात दाब वाढतो तेव्हाच भिंतीतही वाढतो आणि आतल्या थरातल्या वाहिन्या चेपल्या जातात. भिंत सैल पडते तेव्हा महाधमनीत साधारण ८० मिलिमीटर दाब असतो, कप्प्यात जेमतेम ५ ते १२. म्हणजे भोकातून रक्त ढकलायला जोरच उरत नाही. सापाची स्पंजासारखी भिंत रक्तात भिजलेली असते. आपल्या घट्ट भिंतीत चार भोकं पाडून ती स्पंज होत नाही.

पुढे सुईच्या जागी लेझर आला आणि १९९८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यताही मिळाली. अनेक रुग्णांचं छातीतलं दुखणं कमी झालं, पण तपासणीत बरीचशी भोकं बुजलेली आढळली. नळीतून लेझर देण्याची पद्धत २९८ रुग्णांवर खोट्या उपचाराशी ताडून पाहिली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत दोन्ही गटांत फरक दिसला नाही.

मग निबंध टाकाऊ का? मुळीच नाही. त्याने मांडलेली गरज खरी होती. रोहिणी दुरुस्त करता येत नाही असे रुग्ण आजही आहेत. पण एखाद्या प्राण्याची रचना उसनी घेताना तिच्यामागचा दाबही मोजायला हवा. म्हणून नव्या उपचाराची बातमी वाचाल तेव्हा दोन गोष्टी विचारा: रक्त कोणत्या जोरावर वाहणार, आणि खोट्या उपचाराशी तुलना केली का?