अंक, नाव आणि छाप : गोल्फच्या काठ्यांविषयी एक टिपण

पी. जी. वुडहाउसचे ‘द क्लिकिंग ऑफ कथबर्ट’ (१९२२) आणि ‘द हार्ट ऑफ अ गूफ’ (१९२६) हे गोल्फकथांचे संग्रह आज वाचावयास घेणाऱ्या विद्यार्थ्यास मॅशी, निब्लिक, ब्रॅसी अशा शब्दांशी झगडावे लागते. शब्दसूची पाहिली तर मॅशी म्हणजे पाच नंबरची लोखंडी काठी, मॅशी-निब्लिक म्हणजे सात नंबरची, निब्लिक म्हणजे नऊ नंबरची, असे समानार्थ दिलेले आढळतात. हे समानार्थ सोयीचे आहेत. परंतु माझ्या मते ते चुकीचे आहेत, आणि ही चूक केवळ कोशकाराची नाही. नावांची एक व्यवस्था जाऊन तिच्या जागी अंकांची दुसरी व्यवस्था आली, तेव्हा वस्तूंवरील चिठ्ठ्याच तेवढ्या बदलल्या, असे गृहीत धरण्याची ती चूक आहे. (गोल्फमध्ये ‘क्लब’ म्हणजे खेळण्याची काठी. मराठीत या शब्दाने संस्थेचाच बोध होत असल्याने येथे ‘काठी’ हा शब्द योजिला आहे.)

या प्रश्नाकडे मी वळलो तो दुसऱ्या एका प्रश्नाच्या निमित्ताने. गोल्फ खेळणारे लोक साहित्याच्या विशिष्ट छापाशी विलक्षण निष्ठा बाळगतात, आणि तरीही काही काठ्यांची लोकप्रियता दोनचार वर्षांत चढते व उतरते. याची दोन स्पष्टीकरणे नेहमी दिली जातात. एक असे की, ज्याचा माल चांगला त्याच्याकडे लोक वळतात. दुसरे असे की, ज्याची जाहिरात मोठी त्याच्याकडे वळतात. दोन्ही स्पष्टीकरणांत थोडेफार तथ्य आहे. पण एकच खेळाडू पिशवीतील लोखंडी काठ्यांच्या बाबतीत एका छापाला चिकटून राहतो, ड्रायव्हर दर दोन वर्षांनी बदलतो आणि पटर मात्र वीस वर्षे जपतो, हे या दोहोंपैकी कोणत्याही स्पष्टीकरणाने उलगडत नाही. माल आणि जाहिरात तर तिन्हींच्या पाठीशी सारखीच असते.

जुनी नावे प्रथम पाहू. ‘क्लीक’ हा स्कॉट भाषेतील आकडा या अर्थाचा शब्द, ‘ब्रॅसी’च्या तळाला पितळेची पट्टी असे, ‘स्पून’चे मुख चमच्यासारखे किंचित खोलगट असे. ‘निब्लिक’ची व्युत्पत्ती संदिग्ध आहे, नाक किंवा चोच या अर्थाच्या शब्दाशी तिचा संबंध जोडतात, पण तो तर्कच समजावा. ही नावे, निदान उगमाच्या वेळी, सार्थ होती. ती काठीचे रूप सांगत, माप सांगत नसत. एका लोहाराची मॅशी दुसऱ्याच्या मॅशीहून मुखाच्या कलाने, वजनाने, लांबीने वेगळी असू शके, आणि त्यात कोणाला वावगे वाटत नसे. हिकरीच्या लाकडाची दांडी तर प्रत्येक झाडागणिक निराळी. खेळाडू एकेक काठी हातात घेऊन, हलवून, पारखून विकत घेई, आणि त्याची पिशवी घरातल्या भांड्यांप्रमाणे हळूहळू जमत जाई. अशा स्थितीत निष्ठा जडे ती काठीवर. बॉबी जोन्सने १९३० साली ब्रिटन व अमेरिका येथील खुल्या आणि हौशी अशा चारही स्पर्धा एकाच वर्षी जिंकल्या. त्याच्या पटरला ‘कॅलॅमिटी जेन’ हे एका स्त्रीचे नाव होते. त्याच्या हिकरीच्या काठ्या पुढे यंत्रावर तपासल्या तेव्हा एक मॅशी-निब्लिक वगळता साऱ्या एकमेकींशी जुळत्या निघाल्या, आणि तीच काठी त्याला नेहमी त्रास देई, अशी कथा क्रीडावाङ्मयात पुनःपुन्हा येते. ती खरी धरली तर संचाची जुळणी त्या काळी हाताला कळत होती, पण भाषेत तिला जागा नव्हती.

पोलादी दांडीला अमेरिकेत १९२४ साली आणि ब्रिटनमध्ये १९२९ साली मान्यता मिळाली. पोलादी दांड्या एकसारख्या बनविता येतात. त्यामुळे सबंध संच एका मापाने तयार करणे शक्य झाले आणि नावांच्या जागी अंक आले. निवृत्तीनंतर जोन्सने स्पॉल्डिंग कंपनीसाठी पोलादी दांडीच्या, अंकांकित काठ्यांचा संच सिद्ध केला. ज्याने साऱ्या स्पर्धा हिकरीने जिंकल्या त्याच्याच नावाने अंकांची ही नवी पद्धत घरोघरी गेली. १९३८ साली अमेरिकेत आणि १९३९ साली ब्रिटनमध्ये पिशवीतील काठ्यांची संख्या चौदावर मर्यादित झाली, तेव्हा ही व्यवस्था बंदिस्तही झाली.

सोस्यूर वाचलेल्यास येथे काय घडले हे सांगावयास नको. ‘मॅशी’ हा शब्द एकटा उभा राहू शकत होता. ‘पाच’ एकटा उभा राहू शकत नाही. चार आणि सहा यांच्या मध्ये असणे एवढाच त्याचा अर्थ. आणि हे चार व सहा कोणाचे? ज्याने पाच घडविला त्याचेच. एका कारखान्याची पाच नंबरची काठी दुसऱ्याच्या सहा नंबरशेजारी ठेवली तर दोहोंतील अंतर काय राहील याची शाश्वती नाही. चिन्हाचे मूल्य भेदातून उत्पन्न होते हे तत्त्व येथे पैशांत मोजावे लागते. लोखंडी काठ्यांच्या बाबतीत छापनिष्ठा का टिकते, याचे माझ्या मते हे पहिले कारण आहे : अंक संच मागतो आणि संच एक मालक मागतो. पोलाद नसते तर केवळ अंकांनी हे घडले नसते हे मान्य. परंतु काठ्यांना अंकांऐवजी मुखाच्या कलाचे अंश छापले असते, तर पोलाद असूनही ते घडले नसते.

हे केवळ कल्पनेने म्हणत नाही. अंश छापण्याची पद्धत एका कोपऱ्यात अस्तित्वात आहे. वेज या आखूड, अधिक कललेल्या काठ्यांवर आज बहुधा ५२, ५६, ६० असे अंशच कोरलेले असतात. आणि नेमक्या याच काठ्या खेळाडू निःशंकपणे दुसऱ्या छापाच्या घेतात. अंश कोणाच्या मालकीचा नसतो.

अंकांच्या व्यवस्थेत पुढे जे घडले ते भाषाभ्यासकाला अधिक उद्बोधक आहे. सुमारे पन्नास वर्षांपूर्वी सात नंबरच्या काठीचा कल साधारणतः ३८ अंशांच्या आसपास असे. आज सामान्य खेळाडूंसाठी बनविलेल्या अनेक संचांत तो ३० अंशांच्याही खाली आहे. कल कमी झाला की चेंडू लांब जातो. कारखानदारांची बाजूही न्याय्यपणे सांगितली पाहिजे : काठीच्या डोक्याचे वजन आता कडांकडे आणि खाली नेलेले असते, त्यामुळे चेंडू मुळातच अधिक उंच उडतो, जुना कल ठेवला तर तो नको तितका उंच जाईल. हे खरे आहे. पण दुकानात दोन सात नंबरच्या काठ्या शेजारी ठेवून ‘आमच्या सातने चेंडू अधिक लांब जातो’ असे म्हणता येते, हेही तितकेच खरे, आणि ‘सात’ हा शब्द दोन्हीकडे एकच राहिल्याखेरीज ते म्हणता येत नाही.

परिणाम साखळीचा झाला. सात खाली सरकला तसे सहा, पाच, चार सरकले. पिचिंग वेज सुमारे ५० अंशांवरून ४४च्या आसपास किंवा त्याखाली आला. सँड वेजला मात्र सरकता आले नाही, कारण वाळूतून चेंडू काढण्याचे त्याचे काम त्या कलावरच अवलंबून. तो ५५-५६ अंशांवर जागच्या जागी राहिला. दोहोंमध्ये पोकळी पडली आणि ती भरण्यासाठी नवी काठी काढावी लागली. तिचे नावच ‘गॅप वेज’, म्हणजे पोकळीची काठी. तिच्यावर कोणी ए कोरतो, कोणी जी, कोणी यू. ग्रिमच्या नियमात त्रि-थ्री, दश-टेन, भ्रातृ-ब्रदर अशी व्यंजने एकामागून एक सरकताना आपण वर्गात दाखवितो. मार्तिनेने १९५५च्या आपल्या ग्रंथात अशा सरकण्यामागे पोकळी आणि दाब या कल्पना मांडल्या. येथे तीच गोष्ट एका पिढीत, दुकानाच्या फळीवर घडलेली दिसते. दुसऱ्या टोकाला एक आणि दोन नंबरच्या लोखंडी काठ्या व्यवस्थेबाहेर पडल्या. बेन होगनने १९५०च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत मेरियनच्या शेवटच्या खळीवर एक नंबरच्या काठीने मारलेल्या फटक्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे; ती काठी आज सामान्य खेळाडूच्या पिशवीत शोधूनही सापडत नाही. तिच्या शेजाऱ्यांची जागा हायब्रिडने घेतली. ही काठी दिसावयास लाकडी काठीसारखी, पण जिची जागा घेतली त्या लोखंडी काठीचा अंक अंगावर मिरविणारी.

आता जो मुद्दा मला खरोखर महत्त्वाचा वाटतो त्याकडे येतो. चिन्ह यादृच्छिक असते आणि म्हणूनच कोणीही एकटा ते बदलू शकत नाही, असे आपण पदव्युत्तर वर्गांत सोस्यूरच्या आधाराने शिकवितो. कृत्रिम भाषेविषयी तो म्हणतो की, ती प्रचारात येईपर्यंतच निर्मात्याच्या हाती असते. प्रचारात आली की ताबा सुटतो. गोल्फचे अंक जवळजवळ नव्वद वर्षे प्रचारात आहेत, आणि ताबा सुटलेला नाही. लाखो लोक ‘माझा सात नंबर एकशेपन्नास यार्ड जातो’ असे वाक्य बोलतात. त्यातील ‘सात’चा अर्थ त्यांनी ठरविलेला नाही आणि बदलला तेव्हा त्यांना कोणी विचारलेही नाही. दर नव्या संचाबरोबर आपला खेळ सुधारल्याचे समाधान त्यांना मिळते, आणि या समाधानाचा काही भाग शुद्ध शब्दार्थविषयक आहे. सोस्यूरचा सिद्धांत यामुळे खोटा ठरतो असे मी म्हणत नाही. तो ज्या चिन्हांना मालक नाही त्यांच्यापुरता आहे, हे मात्र पाठ्यक्रमात स्पष्टपणे सांगावयास हवे. मापे, श्रेणी, कपड्यांचे आकार यांसारखी मालकीची चिन्हे आपल्या अवतीभोवती वाढत असताना केवळ ‘भाषा समाजाची असते’ एवढे सांगून विद्यार्थ्यांस वाटेला लावणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

पटरला अंक कधीच चिकटला नाही, म्हणून तेथे जुनी व्यवस्था अजून नांदते. कार्स्टेन सोल्हाइम या नॉर्वेत जन्मलेल्या अभियंत्याने १९५९ साली बनविलेला पटर चेंडूवर आदळताच एक बारीक नाद काढी. त्यावरून त्याने ‘पिंग’ हे नाव दिले. किणकिण, टिणटिण यांतील ‘इ’काराचा बारीकपणा ओळखणाऱ्या मराठी कानाला हे नाव परके वाटू नये. पुढे त्याच छापाच्या लोखंडी काठ्या, ड्रायव्हर आणि पिशव्याही निघाल्या. पिशवीतून ‘पिंग’ असा नाद येत नाही ही गोष्ट कोणाला खटकत नाही. सोल्हाइमच्या पत्नीने १९६६ साली नव्या पटरसाठी उत्तर या अर्थाचा इंग्रजी शब्द सुचविला, आणि तो काठीवर मावेना तेव्हा त्यातील अनुच्चारित डब्ल्यू गाळावयास सांगितले. लेखन बदलले, उच्चार राहिला. देवनागरीत ही गंमत दाखविता येत नाही, दोन्ही ‘आन्सर’च. त्या आन्सरच्या आकाराचा वारसा सांगणाऱ्या स्कॉटी कॅमेरनच्या ‘न्यूपोर्ट २’ या पटरने टायगर वुड्सने आपल्या १५ मोठ्या विजेतेपदांपैकी १४ जिंकली. त्यांतील बरीचशी त्याचा नायकेशी करार असतानाची आहेत. बाकीची पिशवी कंपनीची, पटर त्याचा.

ड्रायव्हरची कथा वेगळी. ‘वूड’ म्हणजे लाकूड. पण १९७९ साली स्थापन झालेल्या टेलरमेडने पोलादी डोक्याची काठी आणली तेव्हाही तिला ‘वूड’च म्हणत राहिले. तिळापासून निघाले ते तेल, आणि आपण खोबरेल तेल म्हणतोच. त्यातलाच हा प्रकार. त्या नव्या काठीला थट्टेने ‘पिट्सबर्ग पर्सिमन’ म्हणत, कारण पोलादाचे गाव पिट्सबर्ग आणि उत्तम ड्रायव्हरचे लाकूड पर्सिमन. (पर्सिमन म्हणजे आपल्या टेंभुर्णीच्या प्रजातीतील अमेरिकन झाड. विडीच्या पानांमुळे आपल्याला माहीत असलेल्या झाडाचा हा भाऊबंद श्रीमंतांच्या खेळात इतका मान पावला होता.) १९९१ साली कॅलवेने मोठ्या डोक्याचा ड्रायव्हर काढून त्याला पहिल्या महायुद्धातील जर्मन तोफेचे ‘बिग बर्था’ हे नाव दिले. १९९५ साली ‘ग्रेट बिग बर्था’ आली, १९९७ साली ‘बिगेस्ट बिग बर्था’. येथे विशेषणाच्या पायऱ्या संपल्या. नंतर ससाणा आला, संस्थापकाच्या नावाची आद्याक्षरे आली, आणि २०१४ साली कंपनी पुन्हा ‘बिग बर्था’वर आली. नियमाने डोक्याचे आकारमान ४६० घनसेंटिमीटरवर थांबविले. नावांना मात्र अशी मर्यादा नाही. ड्रायव्हर पिशवीत एकच असतो, त्याला शेजारी नसतात, म्हणून तो बदलताना कोणतीही व्यवस्था मोडत नाही. लोकप्रियता येथेच सर्वांत वेगाने बदलते याचे नवल वाटावयास नको.

या विवेचनावर एक आक्षेप येईल : व्यावसायिक खेळाडूंची निष्ठा ही करारनिष्ठा असते, तिच्यावरून भाषिक निष्कर्ष काढू नयेत. आक्षेप रास्त आहे. जीन साराझेन १९२०च्या दशकापासून १९९९ साली निधन पावेपर्यंत विल्सन कंपनीशी करारबद्ध होता. त्यास निष्ठा म्हणावे की नोकरी, हे मी सांगू शकत नाही. स्पर्धेतील काठ्या मोजून ‘सर्वाधिक वापरली जाणारी’ असे जाहीर करणाऱ्या गणनेलाही म्हणून मी फारसे महत्त्व देत नाही. पण करार सुटला की काय होते हे पाहण्याची एक संधी मिळाली. नायकेने २०१६ साली काठ्या बनविणे थांबविले आणि अनेक खेळाडू अचानक मोकळे झाले. रोरी मॅकिलरॉय व वुड्स २०१७ साली टेलरमेडकडे गेले. ब्रूक्स केप्का कोणाकडेच गेला नाही. त्या वर्षीची अमेरिकन खुली स्पर्धा त्याने जिंकली तेव्हा त्याच्याकडे टेलरमेडचा ड्रायव्हर, मिझुनोच्या लोखंडी काठ्या आणि स्कॉटी कॅमेरनचा पटर होता. ज्याच्या प्रत्येक काठीचा कल आणि पल्ला यंत्राने मोजलेला असतो, त्याला अंकाची भीड राहत नाही. मात्र लोखंडी काठ्यांतील तीन नंबर मिझुनोची नव्हती. ती नायकेची होती, आणि नायके तेव्हा काठ्या बनवीत नव्हती.