‘जाल’ (१९५२) : तस्करीचे कथानक आणि सुटकेचा प्रश्न

प्रास्ताविक

जांभूळ-बदलापूर परिसरातून येणाऱ्या विद्यार्थ्यांना गुरुदत्त दिग्दर्शित ‘जाल’ दाखविल्यानंतर बहुतेकांचा अभिप्राय ‘शेवटी नायक सुधारला’ असा होता. हा अभिप्राय कितपत पुरेसा आहे, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तस्करी आणि किनारा

‘बाजी’ (१९५१) नंतरचा गुरुदत्त यांचा हा दुसरा चित्रपट. ख्रिस्ती कोळ्यांच्या वस्तीत टोनी (देव आनंद) हा तस्कर येतो व मारिया (गीता बाली) त्याच्या मोहात पडते. स्वातंत्र्यानंतर सोन्याच्या आयातीवर निर्बंध आले होते आणि गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली होता. त्यामुळे सागरी तस्करी हा तत्कालीन प्रेक्षकाच्या परिचयाचा विषय होता. दिग्दर्शकाला मात्र मालापेक्षा माणसे कशी ओढली जातात यात अधिक रस आहे. शीर्षक द्व्यर्थी आहे. कोळ्याचे जाळे पोट भरते, टोनीचे जाळे माणूस अडकवते. व्ही. के. मूर्ती यांचे छायाचित्रण, सचिनदेव बर्मन यांचे संगीत आणि हेमंतकुमार यांचा स्वर यांमुळे मारियाबरोबर प्रेक्षकही या जाळ्यात सापडतो. टोनीविषयीची आपली सहानुभूती अशा रीतीने आधीच तयार झालेली असते.

सुटका कोणाची?

या चित्रपटावर जुझेप्पे दे सांतिस यांच्या ‘बिटर राइस’ (१९४९) या इटालियन चित्रपटाचा प्रभाव सांगितला जातो. तेथे सिल्व्हाना गुन्हेगार प्रियकराला गोळी घालते आणि स्वतःचाही अंत करून घेते. ‘जाल’मध्ये टोनी कायद्याच्या हाती लागतो व मारिया त्याची वाट पाहण्यास सिद्ध होते. रूढ थरारपटात नायक नायिकेला सोडवतो, येथे नायिका नायकाला सोडवते. हा बदल महत्त्वाचा आहे. तथापि या सुटकेची किंमत मारियाच्या प्रतीक्षेतून चुकविली जाते. टोनीच्या जाळ्यात पूर्वीच सापडलेल्या लिसाच्या (पूर्णिमा) सुटकेचा विचार तर चित्रपट तितक्या आस्थेने करीत नाही.

समारोप

‘जाल’ तस्कराला माणूस म्हणून पाहतो, हे त्याचे सामर्थ्य होय. त्याच्या उद्धाराचा भार स्त्रीच्या श्रद्धेवर टाकतो, ही त्याची मर्यादा होय. वर्गात हा चित्रपट शिकविताना टोनी सुधारला की नाही, या प्रश्नापाशी न थांबता लिसाचे काय झाले, हेही विद्यार्थ्यांना विचारले पाहिजे.