समकालीन शिल्पातील संगणकीय प्रतिरूपण : एक चिकित्सा

राम सुतार (१९२५-२०२५) यांच्या केवडिया येथील १८२ मीटर उंचीच्या पटेल-पुतळ्याची (२०१८) चर्चा बहुधा अभियांत्रिकीचा विक्रम म्हणून होते, शिल्प म्हणून क्वचितच. सुतारांच्या ३० फुटी प्रतिकृतीचे त्रिमितीय स्कॅनिंग करून संगणकावर तिचे वर्धन झाले आणि कांस्य आवरणाचे भाग चीनमध्ये ओतले गेले. पूर्वी बिंदू मोजून आकार वाढविताना कारागीर प्रत्येक टप्प्यावर थांबून उठाव कमीअधिक करी. संगणक प्रमाण चोख राखतो, हा विवेक राखत नाही. म्हणूनच दुरून मुद्रा बोलकी वाटते. ती मातीत सिद्ध झालेली आहे. पायथ्याशी मात्र वीसपट वाढलेली धोतराची चुणी वस्त्र न राहता भिंत होते. हा दोष यंत्राचा नव्हे, वर्धनालाच घडण मानण्याचा आहे.

लोह्याशेजारी कंधारला राष्ट्रकूटकालीन क्षेत्रपालाच्या महाकाय मूर्तीचे भग्न अवशेष आहेत. तेथे या तंत्राला अधिक उचित काम आहे : दगडाला हात न लावता तुकड्यांचे स्कॅनिंग करून मूळ मूर्तीचे प्रमाण पडद्यावर जुळवून पाहता येईल. गहाळ भाग कल्पनेने भरल्यास तो वेगळ्या रंगात दाखवावा, एवढे पथ्य पुरे.