यशवंती, वाघ्या आणि सुधाकर

पंचतंत्रातील पशूला बुद्धी आहे, वाणी आहे, आणि प्रसंगी राजालाही चार खडे बोल सुनावण्याचा अधिकार आहे. तोच पशू बालकांच्या ऐतिहासिक कथेत शिरला की मुका होतो. केवळ त्याची वाचा जाते एवढेच नव्हे. त्याचे मनही जाते आणि उरते ती निष्ठा. मराठीतील बालवाङ्मयापुरते बोलावयाचे तर यशवंती घोरपड आणि वाघ्या कुत्रा ही ह्या निष्ठेची दोन सर्वपरिचित प्रतीके होत. ह्या मुकेपणाने आपल्या बालकादंबरीचे काय नुकसान केले आहे, ह्याचा विचार कोणी फारसा केलेला दिसत नाही.

प्रथम यशवंतीकडे पाहू. १६७० मधील सिंहगडाच्या स्वारीचा वृत्तान्त सभासदाने जिंजीस लिहिलेल्या बखरीत आहे. त्यात मावळे वानरांप्रमाणे कडा चढून जातात, घोरपड नाही. घोरपड येते ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात. ती अनैतिहासिक म्हणून टाकून द्यावी असे मी म्हणणार नाही. उलट माझी तक्रार अशी की, पोवाड्यातील घोरपड आपण मुलांपर्यंत पोहोचूच दिली नाही. शाहिराची घोरपड कड्यावर चढता चढता माघारी फिरते. तिला पुढचे अरिष्ट दिसले असावे; तानाजी तिला दटावतो, तेव्हा ती पुन्हा चढते. येथे एका प्राण्याची भीती आणि एका माणसाचा हट्ट समोरासमोर उभे राहतात, आणि घोरपडीचेच खरे होते, हे श्रोत्याला ठाऊक असते. गद्यात बालकांसाठी हा प्रसंग उतरविताना बहुधा हे माघारी फिरणेच गळते. घोरपड म्हणजे दोर लावण्याचे एक साधन होऊन बसते.

(अनुवादकाची एक अडचण जाता जाता नोंदवितो. हिंदीत घोरपडीला ‘गोह’ म्हणतात, आणि दिल्लीकडच्या मुलाला त्या शब्दाने किळस तेवढी येते. घोरपडे हे आडनावच ज्यांच्या कानांवरून रोज जाते, त्यांना ‘घोरपड’ ह्या शब्दात चिकाटीचा अर्थ आपोआप ऐकू येतो. तळटीप देऊन हा अर्थ आणता येत नाही.)

वाघ्याविषयी थोडक्यातच बोललेले बरे. महाराजांच्या चितेत उडी घेणाऱ्या ह्या कुत्र्याला समकालीन साधनांत आधार नाही. गडकऱ्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या ‘राजसंन्यास’ नाटकाने त्याचे नाव घरोघर नेले, आणि १९३६ मध्ये रायगडावर त्याचा पुतळा उभा राहिला. २०१२ मध्ये तो हलविला गेला व पुन्हा बसविला गेला. इतिहास आणि लोकश्रद्धा ह्यांच्या ह्या भांडणात बालसाहित्याने पडण्याचे कारण नाही. परंतु मरण्यापलीकडे ज्याला काही करावयाचेच नाही असा प्राणी कथेत किती पाने पुरणार?

वस्तुतः शिवकालातील खरे प्राणी कागदपत्रांत आपली वाट पाहत उभे आहेत. चिपळूणच्या छावणीतील लष्कराला महाराजांनी लिहिलेले प्रसिद्ध पत्र पाहावे. पावसाळा तोंडावर आलेला, दाणा-वैरण मोजकी. ती आताच उधळली तर पुढे घोडी उपाशी मरू लागतील, आणि तो दोष तुमचा ठरेल, अशी सक्त ताकीद त्यात आहे. रयतेच्या काडीला हात लावू नका, असेही आहे. पण माझे मन नेहमी अडते ते उंदरांपाशी: रात्री दिवा जळत ठेवला तर उंदीर पेटती वात घेऊन जाईल, गंजीला आग लागेल आणि सारी पागा बुडेल. राज्य चालविणाऱ्या पुरुषाला एका उंदराची काळजी वाटते, ह्यात जेवढे नाट्य आहे तेवढे दहा लढायांत नाही. त्या रात्री दिवा मालविण्याचे काम ज्याच्याकडे असेल असा बारा वर्षांचा एखादा मोतद्दाराचा पोर कल्पावा. कादंबरी तेथूनच सुरू होते. त्याच्या हाती तलवार देण्याची मुळीच गरज नाही.

आपले बालवीर मात्र जन्मतःच तलवार घेऊन येतात. ह्याहून निराळी वाट इतरत्र चोखाळली गेली आहे. धनगोपाल मुखर्जी ह्यांच्या ‘गे-नेक’ ह्या १९२७ मधील इंग्रजी कादंबरीला पुढच्याच वर्षी अमेरिकेचे न्यूबेरी पदक मिळाले. तिचा नायक एक कबूतर आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये निरोप्याचे काम करून तो परततो तो भ्यालेला, उडण्यास नकार देणारा. एका बौद्ध मठात त्याच्या मनातले भय उतरते. शौर्याची किंमत शूराच्या मनाला द्यावी लागते, हे मुखर्जी मुलांना न कचरता सांगतात. आणि दिल्लीत, जेथे चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट व नॅशनल बुक ट्रस्ट ह्या दोन्ही संस्था १९५७ मध्ये निघाल्या, तेथे सुभद्रा सेन गुप्ता ह्यांनी धोब्याच्या मुलाला अकबरकालीन कथेचा नायक केले. त्यांना २०१५ मध्ये साहित्य अकादेमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. २०२१ मध्ये त्या निवर्तल्या. त्यांच्या कथांत प्राण्यांना फारसा वाव नाही, हे मात्र खरे.

शेवटी एक प्रसंग सांगतो, जो बालकादंबरीसाठीच घडला असावा असे वाटते आणि जो मराठी बालकादंबरीत अद्याप माझ्या वाचनात आलेला नाही. २८ मे १६३३. आग्र्याच्या किल्ल्याखाली यमुनेच्या काठी शाहजहान हत्तींची झुंज पाहत आहे. सुधाकर नावाचा पिसाळलेला हत्ती प्रतिस्पर्ध्याला सोडून घोड्यावरील एका चौदा वर्षांच्या मुलावर धावून येतो. मुलगा पळत नाही. हत्तीच्या मस्तकावर भाला फेकतो. घोडा कोसळतो, मुलगा उडी घेऊन तलवार उपसतो. मदतीला जे धावतात त्यांत राजा जयसिंह आहे. मुलाचे नाव औरंगजेब.

तेहेतीस वर्षांनी त्याच आग्र्यात, त्याच पुरुषासमोर नऊ वर्षांचा संभाजी उभा होता, आणि त्याच्या वडिलांना तेथवर आणणारा हाच जयसिंह होता. हे दोन मुलगे एका पुस्तकात शेजारी ठेवण्याचे धैर्य कोणत्या लेखकाला होईल? पहिल्याचे शौर्य मान्य केल्याने दुसऱ्याचे उणे होत नाही. उलट संभाजीसमोर बसलेला माणूस कोण होता हे मुलाला तेव्हाच कळेल. भ्याड शत्रूपुढे ताठ उभे राहण्यात विशेष ते काय! आणि सुधाकराचे काय झाले? मुलाच्या पंधराव्या वाढदिवशी बापाने त्याची सुवर्णतुला केली आणि बक्षीस म्हणून तोच हत्ती त्याला देऊन टाकला. त्यानंतर त्या दोघांची दृष्टादृष्ट कशी होत असेल, हे मात्र दरबारी इतिहासकारांनी लिहिलेले नाही. ते काम कादंबरीकाराचे.