मुखवट्यामागील हिंसा : ‘डोगा’ चित्रकथांच्या आकर्षणाचा चिकित्सक विचार

मराठी समीक्षेने लोकप्रिय साहित्याला माजघरात प्रवेश दिला नसला, तरी ओसरीवर बसू दिले आहे. बाबुराव अर्नाळकरांचे नाव वाङ्मयेतिहासात ओझरते का होईना येते. चित्रकथेच्या वाट्याला तेवढेही भाग्य आलेले नाही. त्यातही दिल्लीच्या राज कॉमिक्सने १९९० च्या दशकाच्या आरंभी वाचकांपुढे आणलेला ‘डोगा’ तर तिहेरी बहिष्कृत ठरतो. तो हिंदी आहे, स्वस्त कागदावर छापलेला आहे आणि रक्ताने माखलेला आहे. तथापि या नायकाची कर्मभूमी मुंबई आहे. त्यामुळे महाराष्ट्रातील अभ्यासकाला त्याच्याकडे पाठ फिरवता येत नाही.

मराठी वाचकाला चित्रकथेतील साहसाची ओळख प्रामुख्याने इंद्रजाल कॉमिक्सने करून दिली. १९६४ मध्ये सुरू झालेली ही मालिका १९९० मध्ये बंद पडली. तिच्यातील वेताळ हा सभ्य नायक होता. तो ठोसा मारी, गुन्हेगाराच्या जबड्यावर कवटीची खूण उमटे आणि पुढचे काम कायद्याकडे जाई. १९६७ मध्ये सुरू झालेल्या अमर चित्र कथेत युद्धे होती, परंतु पुराणाच्या आणि इतिहासाच्या आवरणामुळे ती पालकांना मान्य होती. येथे एक गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. अमर चित्र कथेसाठी अनेक अंक रेखाटणारे पुण्याचे चित्रकार प्रताप मुळीक यांनीच पुढे राज कॉमिक्सच्या ‘नागराज’चे अनेक अंक चित्रित केले. संस्कारक्षम मानलेली चित्रकथा आणि उथळ मानलेली चित्रकथा एकाच कुंचल्यातून उतरली. यावरून प्रतिष्ठेची सीमारेषा चित्रात नसून ती पाहणाऱ्याच्या मनात असते, असे म्हणण्यास आधार मिळतो.

डोगाची कथा थोडक्यात अशी : कचऱ्यात टाकून दिलेल्या अर्भकाला हलकान सिंह नावाचा डाकू उचलतो आणि पोलिसांविरुद्ध ढालीसारखा वापरतो. मोठेपणी सूरज नावाने वावरणारा हा तरुण मुंबईत अदरक चाचाच्या लायन जिममध्ये शरीर कमावतो आणि रात्री कुत्र्याचा मुखवटा चढवून गुन्हेगारांना ठार करतो. अटक, खटला, शिक्षा या पायऱ्या त्याच्या जगात नाहीत. या हिंसेत वास्तवदर्शन शोधणारा वाचक निराश होईल. फुगवलेले स्नायू, न हलणारा मुखवटा, ‘धांय’, ‘धडाम’ यांची चौकट फोडून बाहेर येणारी अक्षरे, हे सारे संकेत आहेत. मुखवट्यामुळे मारणाऱ्याच्या चेहऱ्यावरचे भाव वाचकाला दिसत नाहीत. कृती तेवढी दिसते. तीत क्रौर्य पाहायचे की न्याय, हे वाचकाने ठरवायचे असते. या चित्रकथांचे सर्वांत मोठे बळ हेच होय.

ही शैली केवळ अमेरिकन ‘पनिशर’ची नक्कल आहे, असा आक्षेप सहज घेतला जाईल. १९७४ मध्ये अवतरलेल्या त्या पात्राशी डोगाचे साम्य उघड आहे. परंतु चित्रातील संकेतबद्ध हिंसा आपल्याकडे परकी नाही. पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेत शरीरात बाण रुतलेला वीरही तेच विस्फारलेले डोळे घेऊन ताठ उभा असतो. कोल्हापुरात बाबुराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला, तेव्हा त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके अंगावर येणारे ठरले की ते वगळावे लागले. त्याच कीचकाला रंगभूमीवर आणणाऱ्या खाडिलकरांच्या नाटकावर ब्रिटिश सरकारने बंदी घातली, ती मात्र रूपकातील राजकारणासाठी. कीचकाला मारणारा भीम प्रेक्षकाला हवाच असतो. तो किती जवळून दाखवावा, एवढाच वाद असतो. डोगाचे कर्ते तो फार जवळून दाखवतात.

मात्र येथेच या चित्रकथांतील खरी विसंगती पुढे येते. कोल्हापूरच्या वाचकाला ती अधिक बोचावी. लायन जिम ही खरे तर तालीमच आहे आणि अदरक चाचा हा वस्ताद. शिष्याला घडविणाऱ्या या गुरूची, घामाची, नियमाची पाने या मालिकेत सर्वाधिक जिवंत उतरली आहेत. परंतु तालमीतील विद्येला मर्यादा अंगभूत असते. प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लागली की कुस्ती संपते. चितपट झालेल्याला कोणी मारीत नाही. डोगा ही विद्या आत्मसात करून बाहेर पडतो आणि हाती पिस्तूल घेतो. मग इतक्या मेहनतीचे प्रयोजन काय? पिस्तुलाचा घोडा ओढायला दंड-बैठका लागत नाहीत. लेखकांनी हा प्रश्न क्वचितच स्वतःला विचारला आहे. त्यांना नायकाचे शरीर मुखपृष्ठासाठी हवे आहे आणि पिस्तूल शेवटच्या पानासाठी.

या मालिकेतील ‘कर्फ्यू’ हे आरंभीचे शीर्षक आज वाचताना १९९२-९३ च्या मुंबईची आठवण टाळता येत नाही. त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये मांडला गेला. त्यात पोलिसांच्या वर्तनावर कठोर ताशेरे होते, तरीही दोषींवरील कारवाई अल्पच राहिली. कायद्याचे हात इतके संथ दिसत असताना बत्तीस पानांत निकाल लावणारा नायक तरुण वाचकाला जवळचा वाटला, तर त्याला विकृत अभिरुची म्हणणे हा समीक्षेचा आळस होय. आक्षेप घ्यायचा तर तो अन्यत्र घ्यावा लागेल. डोगाच्या जगात मरणाऱ्या गुन्हेगाराला बहुधा भूतकाळ नसतो. खुद्द डोगाला मात्र तो आहे : कचराकुंडी, डाकू, उपेक्षा. ज्या परिस्थितीतून नायक घडला, तिच्यातूनच त्याच्या गोळीला बळी पडणारा एखादा घडला असेल, ही शक्यता चित्रचौकटीत शिरू दिली जात नाही. ती शिरली असती तर मुखवट्याआडच्या माणसाला पिस्तूल खाली करावे लागले असते आणि पुढचा अंक निघाला नसता.