आर्नो दानिएल: बंद खोलीचे गणित

12व्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण फ्रान्समध्ये ऑक्सितान भाषेत गीते रचणाऱ्या त्रुबादूर कवींमध्ये आर्नो दानिएल दुर्बोध समजला जातो. त्याची जेमतेम 18 गीते उरली आहेत. सेस्तिना हा रचनाबंध त्याच्याच नावावर आहे.

सेस्तिनात प्रत्येकी 6 ओळींची 6 कडवी आणि अखेरीस 3 ओळी असतात. यमकाऐवजी ओळींच्या शेवटी तेच 6 शब्द फिरतात. पुढच्या कडव्यात त्यांचा क्रम 6-1-5-2-4-3 होतो. वहीत मांडून पाहा: सातवे कडवे लिहिले, तर पहिलाच क्रम परत येईल.

मग ही नुसती आकडेमोड आहे का? माझ्या मते नाही. आर्नोचे शब्द आहेत शिरणे, नख, आत्मा, काठी, काका-मामा आणि खोली. प्रियकराला काका-मामांची नजर चुकवून प्रेयसीच्या खोलीत शिरायचे आहे. शब्द जागा बदलत राहतात, पण खोलीचे दार बंदच राहते. त्याची इच्छाही अशीच फिरून मूळ जागी येते. म्हणजे रचना इथे आशयच सांगते.

दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’त आर्नोला मातृभाषेचा सरस कारागीर म्हटले आहे, आणि तिथे तो ऑक्सितानमध्येच बोलतो. तेव्हा उत्तरपत्रिकेत ‘कृत्रिम कविता’ असा शेरा लिहिण्यापूर्वी ते 6 शब्द एकदा स्वतः फिरवून पाहा.