करमणूक आणि घर

‘करमणूक’ हा शब्द ‘करमणे’ या क्रियापदापासून आला आहे, ही गोष्ट विसरूनच आपण तो बहुधा वापरतो. नव्या शाळेत घातलेले मूल, सासरी गेलेली मुलगी, मुंबईस नोकरीला लागलेला कोकणातला तरुण ही सर्व पहिल्या आठवड्यात एकच वाक्य बोलतात: “मला इथे करमत नाही.” तेथे खेळतमाशे नाहीत असा या वाक्याचा अर्थ कोणीही घेत नाही, यास घर आठवते आहे, एवढेच ऐकणारा समजतो. करमणूक आणि घर यांची गाठ आपल्या भाषेने अशी फार पूर्वीच मारून ठेविली आहे. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली साप्ताहिक काढिले त्यास ‘करमणूक’ हेच नाव दिले, आणि त्याच पत्रातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. घरोघरी करमणुकीसाठी वाचल्या जाणाऱ्या पत्रात, जिला घरात करमते की नाही हे कोणी विचारिले नाही अशा मुलीची कहाणी यावी, हा योगायोग मला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आला आहे.

गेल्या गणपतीत मिरजोळ्यास एका स्नेह्यांच्या घरी चार दिवस राहण्याचा प्रसंग आला नसता, तर हा विषय मी कदाचित येथेच सोडिला असता. मिरजोळे हे रत्नागिरी शहराच्या अगदी जवळचे गाव. बाहेरच्या माणसास ते हल्ली औद्योगिक वसाहतीच्या नावानेच अधिक ठाऊक असते. स्नेह्यांचे घर मात्र जुने, चिऱ्यांचे आणि कौलारू. वर्षातले दहाअकरा महिने त्यात त्यांच्या वयोवृद्ध वहिनी एकट्याच असतात. त्यांना सारी वाडी काकू म्हणते. सणासाठी मुंबईपुण्याहून पुतणे आणि पुतण्या जमल्या होत्या. सगळी मंडळी तिशीच्या आतबाहेरची. घराच्या एका बाजूचे वासे वाळवीने पोखरले आहेत. ते बदलावयाचे, की जागेसकट घर देऊन टाकावयाचे, हा प्रश्न त्या चार दिवसांत कोणीच उघडपणे काढीत नव्हते आणि मनातून कोणी सोडीतही नव्हते.

रात्री आरती आटोपल्यावर ओटीवर गप्पा निघत त्या लहानपणच्या. १९९७ साली दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ सुरू झाले. त्या वेळी वाडीत दूरदर्शन संच दोनच घरी होते व त्यांपैकी एक हे. रविवारी दुपारी एक मुलगा कौलांवर चढून अँटेना फिरवी, दुसरा खळ्यात उभा राहून “आले, आले, गेले!” असे ओरडे, आणि नेमक्या रंगाच्या वेळी वीज जाई. हे सर्व सांगताना त्या तरुणांची तोंडे अशी उजळत, की ऐकणाऱ्यालाही आनंद व्हावा. शेवटी त्यांतला एक जण म्हणाला, “आमच्यासाठी घर म्हणजे तेच. ते संपले आणि घरही संपले.” काकू समईसाठी वाती वळीत बसल्या होत्या. त्या मान वर न करिता म्हणाल्या, “होय रे, पण तुम्ही ते बघत होतात तेव्हा तुझी आई कुठे असायची?” त्याला आठवेना. इतरांनाही आठवेना. “चुलीपाशी,” काकू म्हणाल्या, “सगळी पोरे मग जेवायला इथेच की.”

तेव्हापासून तरुण लेखकांचे बालपणावरील लेखन मी काकूंचा हा प्रश्न जवळ ठेवून वाचू लागलो आहे. दिवाळी अंकांतून व रविवारच्या पुरवण्यांतून असे लेख पुष्कळ येतात. त्यांतले बहुतेक गोड असतात व बहुतेक एकमेकांसारखे असतात. मालिकांची नावे, जाहिरातींची गाणी, पेप्सीच्या कांड्या, सुट्टीत भाड्याने आणिलेली सायकल: लेखकाचे नाव झाकले तर तो नागपूरचा की रत्नागिरीचा, हेही ओळखू येणार नाही. यात आश्चर्य नाही. जी करमणूक एकाच घटकेला साऱ्या देशाने पाहिली तिची आठवणही साऱ्या देशाची सारखीच होणार. परंतु लेखक हिलाच ‘घर’ म्हणू लागतो तेव्हा माझी हरकत सुरू होते. पडद्यावर दिसले ते घर नव्हे. ते पाहण्यासाठी कोणास कोठे बसता आले आणि कोणास आले नाही, यात घर आहे. अँटेना फिरविणाऱ्या मुलाची गोष्ट रंगते ती त्यामुळेच. शक्तिमान कोणाचाही असेल, ते कौल मात्र याच्याच घराचे होते.

आपल्या वाङ्मयात या प्रश्नाला सामोरे जाणारे पुस्तक सर्वांच्या परिचयाचे आहे, व तेही याच जिल्ह्यातले. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिली; ती १९३५ साली प्रसिद्ध झाली. लेखकाचे वय त्या वेळी तेहेतीस वर्षांचे, म्हणजे मिरजोळ्याच्या ओटीवरील मंडळींहून फारसे अधिक नाही. घरापासून दूर, कोठडीत बसलेल्या तरुणाने दापोली तालुक्यातील पालगडचे आपले घर बेचाळीस रात्रींत सांगून टाकिले. आई कोठे होती, हे या पुस्तकास विचारावे लागत नाही. ती प्रत्येक पानावर आहे, आणि राबत आहे. ‘पर्णकुटी’ हे प्रकरण तर घर या कल्पनेवरचे मराठीतील अत्यंत मार्मिक लेखन म्हणता येईल. भाऊबंदकीत मोठे घर सुटते, माहेरच्या आसऱ्यास राहण्याचा कमीपणा आईला सोसवत नाही, आणि ती स्वतःच्या झोपडीचा हट्ट धरिते. भिंती मातीच्या असोत, पण त्या आपल्या असाव्यात, ही जाणीव मुलाच्या मनात तेथे रुजते.

तरीही एक उणीव सांगणे भाग आहे. श्यामला निर्भेळ करमणूक फार थोडी मिळते. कोकणातल्या मुलास पोहणे म्हणजे पावसाळ्यातला परमानंद. पण ‘श्यामचे पोहणे’ यात मुलगा भिऊन दडून बसतो, आई शिंपटीने मारून त्यास विहिरीकडे पाठविते, आणि खेळ संपण्यापूर्वीच त्याचा धडा झालेला असतो. फुले, पाखरे, दिवाळी, सर्व काही शिकवणुकीच्या झोळीत पडते. पुस्तकाची थोरवी याने कमी होत नाही. परंतु पुढील दोन पिढ्या या पुस्तकावर वाढल्या. खेळाचे काही तरी फळ दाखविल्याखेरीज तो छापण्याजोगा होत नाही असा समज मराठी घरांतून दृढ झाला, त्याचे थोडे श्रेय या मातृभक्त पुस्तकाकडे जाते असे मला वाटते. आजचे तरुण लेखक निष्फळ, निरुद्योगी मौजेविषयी इतक्या हौसेने लिहितात ते कदाचित याचीच भरपाई करण्यासाठी असेल. आणि तेवढ्यापुरता मी त्यांच्या बाजूचा आहे.

अलीकडच्या काळात या विषयाला भिडण्याचे धैर्य लेखकांपेक्षा चित्रपटकारांनी अधिक दाखविले आहे. संदीप सावंत यांचा ‘श्वास’ २००४ साली पडद्यावर आला; मूळ कथा माधवी घारपुरे यांची. कोकणातल्या लहान मुलास डोळ्यांचा कर्करोग होतो. जीव वाचवावयाचा तर दृष्टी जाणार. शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा त्यास रुग्णालयातून गुपचूप बाहेर काढितात आणि शहर दाखवीत हिंडवितात. करमणुकीचे इतके निकडीचे रूप मी दुसरीकडे पाहिलेले नाही. एरवी आपण मुलास जत्रेला नेतो ते त्याने घटकाभर रमावे म्हणून; येथे आजोबा त्यास आयुष्यभराची शिदोरी बांधून देत आहेत, आणि मुलास तिचे मोल कळत नाही. तो फक्त रमतो. शेवटी होडीतून तो गावी परततो तेव्हा ते घर पुन्हा त्याच्या दृष्टीस पडणार नसते, पण ते नाहीसे झाले असे प्रेक्षकास क्षणभरही वाटत नाही. दिसणे आणि घर या दोन गोष्टी या चित्रपटाने वेगळ्या करून दाखविल्या. ज्यांना मालिका संपताच घर संपल्यासारखे वाटते त्यांनी तो पुन्हा पाहावा.

अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ (२०१४) याहून शांत आहे, आणि काकूंच्या प्रश्नाला अधिक सरळ उत्तर देतो. वडील गेलेला मुलगा आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणातल्या लहान गावी येतो. त्यास करमत नाही. पुढे सवंगडी मिळतात, किल्ल्यापर्यंत सायकलींची शर्यत लागते, आणि तेच सवंगडी त्यास भर पावसात किल्ल्यावर एकटा टाकून जातात. मुलांच्या खेळातले कौर्य इतक्या निर्मळपणे फार थोड्यांनी दाखविले असेल. बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्याच परीक्षक मंडळाने या चित्रपटास स्फटिक अस्वलाचे पारितोषिक दिले, हे मला फार उचित वाटते. परंतु माझ्या मते त्याची खरी कमाई दुसरीच आहे. मुलगा बाहेर खेळत असता कॅमेरा आईबरोबर राहतो: कचेरीत तिची होणारी कुचंबणा, संध्याकाळचे रिकामे घर, तिलाही येथे करमत नाही हे कोणापाशी बोलण्याची सोय नसणे. मुलाने पाहिले नाही ते दिग्दर्शकाने मोठेपणी पाहिले. शेवटी घर जुळून येते आणि पुन्हा बदलीचा हुकूम येतो. ‘श्यामची आई’त आई ही घराची मूर्ती आहे, ‘किल्ला’त तीही घर शोधणारी आहे. या एका बाबतीत धाकटी कृती थोरलीच्या पुढे गेली आहे, असे म्हणण्यास मी कचरत नाही.

चित्रपट आणि मालिका यांच्या आधी या मुलखात मुलांची करमणूक कोणती होती? शिमग्याचे खेळे आणि नमन. गण, गवळण, मग वग. मृदंगाच्या साथीने पायघोळ झग्यांतले खेळे नाचत, काळ्या वेषातला संकासूर पोरांवर धावून जाई, पहाटेच्या सुमारास दहा तोंडांचा रावण येई. हे खेळ मुलांसाठी नव्हतेच. मुले त्यांत जागरणाच्या बळावर शिरत आणि बऱ्याचदा रावण येण्यापूर्वी झोपी जात. आता मुंबईच्या नाट्यगृहांत तिकीट लावून नमनाचे प्रयोग होतात व ते चांगले चालतात. त्यात गैर काही नाही, पण एक गोष्ट नाट्यगृहात नेता येत नाही. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. वर्षभर बंद असलेल्या घराचे कुलूप त्यासाठी उघडते, खळे सारविले जाते, मुंबईहून कोणी तरी एक रात्र तरी येऊन उभा राहतो. पालखी ज्या दारी थांबते ते घर. मग त्यात राहणारे कोणी असो वा नसो. घराची इतकी रोखठोक व्याख्या कोशातही सापडणार नाही. अर्थात मानपानाची भांडणेही याच पालखीवरून होतात, आणि देवाच्या दारी सर्वांना सारखा प्रवेश मिळावा म्हणून याच रत्नागिरीत १९३१ साली पतितपावन मंदिर बांधावे लागले, हेही या व्याख्येबरोबरच लक्षात ठेविले पाहिजे.

मिरजोळ्याच्या त्या मंडळींतली एक पुतणी याच विषयावर लेख लिहीत होती. तिने मला खर्डा वाचावयास दिला. त्यात शक्तिमान होता, अँटेना होती, वीज जाणे होते. पण अर्धे पान वेगळे होते. खळ्यात नमन चाले तेव्हा मध्यरात्रीनंतर मुलींना माजघरात पाठवीत. खिडकीतून काही दिसत नसे. म्हणून तिच्या स्मरणात नमन नाही, केवळ मृदंग आहे, आणि अंधारात संकासुराच्या धावण्याचा आवाज. हे वाचून मी तिला म्हटले, बाकीचे सारे सोडून दे, हे अर्धे पान वाढव. पुढे एका ठिकाणी तिने लिहिले होते: रविवारी आम्ही ओटीवर बसत असू, काही मुले खळ्यात उभी राहून खिडकीच्या गजांतून पाहत. एवढेच, पुढच्या ओळीत ती जाहिरातींकडे वळली होती. त्या वाक्याखाली मी पेन्सिलीने रेघ ओढली आणि ही मुले कोण, ती आत का येत नसत, असे समासात विचारिले.

निघण्याच्या दिवशी ती मला पाखाडीच्या टोकापर्यंत पोचवावयास आली. म्हणाली, “काका, ती मुले कोण ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे. पण छापून आले तर काकू वाचतील.” मी काही बोललो नाही. ज्या बाईंच्या प्रश्नावर हा सर्व लेख उभा आहे, त्याच बाई त्या ओटीच्या मालकीण आहेत, आणि घराचे वासे बदलावयाचे की नाही हेही अजून त्यांच्याच शब्दावर आहे.

दसऱ्याच्या सुमारास तिचा दुसरा खर्डा टपालाने आला. माजघराचे पान वाढले आहे व फार चांगले उतरले आहे. खळ्यातल्या मुलांचे वाक्य त्यात नाही. त्या जागी अँटेनाचे वर्णन दोन ओळींनी लांबले आहे.